पहिल्या पिकचा क्वार्टरबॅक खरंच तेवढा चालतो का?

प्रश्न अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे तिथल्या एनएफएल या व्यावसायिक लीगचा आहे. क्वार्टरबॅक म्हणजे बॉल हातात घेऊन तो कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा खेळाडू. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून येणारे नवे खेळाडू संघांनी दरवर्षी पाळीपाळीने निवडायची पद्धत, आणि त्यातली एकेक पाळी म्हणजे पिक. प्रश्न थोडक्यात असा. नोकरीनिमित्त शार्लटला राहायला आलेले एक गृहस्थ विचारतात: "कॅरोलायना पँथर्सने 2023 मध्ये भलीमोठी किंमत मोजून ब्राइस यंगला ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि त्या मोसमात संघ 17 पैकी 2 सामने जिंकला. ऑफिसातले लोक म्हणतात, वरचे क्वार्टरबॅक म्हणजे लॉटरी, निम्मे फुकट जातात, दिग्गज क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी तर ड्राफ्टमध्ये 199 वा होता. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर संघ दरवर्षी तोच जुगार का खेळतात?"

मी बरीच वर्षं कॉलेजच्या क्वार्टरबॅकची फिल्म, म्हणजे सामन्यांचं चित्रण, बघून अहवाल लिहितो. आधी एका विद्यापीठाच्या संघासाठी लिहायचो, आता स्वतंत्रपणे लिहितो. हा विषय माझ्या पोटापाण्याचा असल्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. मुलगा चांगला निघाला का, हा एक. त्याच्यासाठी मोजलेली किंमत वसूल झाली का, हा दुसरा. आणि ज्या संघाने त्याला घेतलं त्या संघाचं भलं झालं का, हा तिसरा. लोक तिन्हींना एकच उत्तर देतात आणि तिथेच घोळ होतो. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. तिसऱ्याचं बहुतेक वेळा 'फारसं नाही'. दुसऱ्याचं उत्तर तुम्ही 2011 च्या आधीबद्दल विचारताय की नंतरबद्दल, आणि पिक आपसूक मिळाली की विकत घेतली, यावर ठरतं.

आधी पहिला प्रश्न. 1998 ते 2025 या 28 ड्राफ्टमध्ये 21 वेळा पहिली निवड क्वार्टरबॅकची झाली. पेटन मॅनिंगपासून कॅम वॉर्डपर्यंतची ही यादी समोर ठेवली तर सरळसरळ फसलेली नावं माझ्या हिशेबाने तीन: टिम काउच, डेव्हिड कार आणि जमार्कस रसेल. रसेलची कथा तर तीन मोसमांतच आटोपली. दुसऱ्या टोकाला मॅनिंग, ईली मॅनिंग, स्टॅफर्ड, न्यूटन, लक, बरो. मधला गठ्ठा मोठा आहे. त्यात अ‍ॅलेक्स स्मिथ, ब्रॅडफर्ड, विन्स्टन, गॉफ, मेफिल्ड, मरे अशी मंडळी येतात. कुणी दुखापतीने मागे पडलं, कुणी उशिरा सावरलं, पण अनेक वर्षं एनएफएलमध्ये सुरुवातीच्या अकरात खेळण्याच्या लायकीची सगळीच. म्हणजे 'निम्मे फुकट' हे पहिल्या क्रमांकाला लागू नाही. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर मात्र पडझड जास्त दिसते: रायन लीफ, अकिली स्मिथ, जोई हॅरिंग्टन, ट्रुबिस्की, झॅक विल्सन, ट्रे लान्स. त्याच क्रमांकांवर मॅकनॅब, मॅट रायन आणि स्ट्राउडही सापडतात, पण तुमच्या ऑफिसातली चर्चा बहुधा या लीफ-लान्स गटावर बेतलेली असते.

आता ब्रेडी. 2000 च्या ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक घेतले गेले, हे खरंच आहे. 2022 मध्ये अगदी शेवटच्या, 262 व्या क्रमांकावर निवडलेला ब्रॉक पर्डी दुसऱ्याच मोसमात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळला, हेही खरं. पण ड्राफ्टच्या शेवटच्या, सहाव्या-सातव्या फेरीत दरवर्षी जे क्वार्टरबॅक घेतले जातात त्यांतल्या बहुतेकांची नावं दोन-तीन वर्षांनी कुणाला आठवत नाहीत. ब्रेडीचं उदाहरण देणारा माणूस त्या बाकीच्यांना मोजतच नाही. मला एखाद्या संघाने विचारलं की क्वार्टरबॅक कुठे शोधायचा, तर मी वरच शोधा म्हणेन.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात रोचक वाटतो. मॅनिंगनंतर पहिल्या क्रमांकावर गेलेल्या वीस क्वार्टरबॅकपैकी एकानेही, ड्राफ्टमध्ये ज्या संघाने त्याचं नाव पुकारलं त्या संघाला, सुपर बोल मिळवून दिलेला नाही. ईली मॅनिंगने दोन जिंकले, पण त्याला निवडलं होतं सॅन डिएगोने आणि त्याच दिवशी तो न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला. स्टॅफर्ड बारा मोसम डेट्रॉइटमध्ये खेळला, प्लेऑफचा एकही सामना जिंकला नाही. मग लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला आणि पहिल्याच मोसमात जिंकून मोकळा झाला. त्या अंतिम सामन्यात समोर होता सिनसिनाटीचा जो बरो, तोही पहिल्या क्रमांकाचा आणि अजून आपल्या मूळ संघातच असलेला. त्याआधी 50 व्या सुपर बोलमध्येही असंच झालं होतं: एका बाजूला पहिल्या क्रमांकाचा कॅम न्यूटन मूळच्या, म्हणजे तुमच्याच पँथर्सकडून, आणि दुसऱ्या बाजूला पहिल्या क्रमांकाचा पेटन मॅनिंग, पण इंडियानापोलिस सोडून डेन्व्हरला आलेला. दोन्ही वेळा संघ बदललेला जिंकला. दोन सामन्यांवरून नियम काढता येत नाही. तरी दिशा कळते.

कारण ड्राफ्टच्या रचनेतच आहे. आयपीएलच्या लिलावात पैसा असेल तो संघ बोली लावून हवा तो खेळाडू उचलतो. इथे खेळाडूला काही विचारायचं नसतं. गेल्या मोसमात सगळ्यात वाईट खेळलेला संघ सगळ्यात आधी निवडतो. तत्त्व समतेचं आहे, पण परिणाम असा की देशातला सगळ्यात गुणी पोरगा जिथे ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारी फळी) फाटकी, रिसिव्हर (त्याचे पास झेलणारे) सुमार आणि कोचची खुर्ची डळमळीत अशा घरात जाऊन पडतो. डेव्हिड कारला 2002 मध्ये ह्यूस्टनच्या अगदी नव्या कोऱ्या संघाने घेतलं आणि पहिल्याच मोसमात तो 76 वेळा सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच बॉलसकट पाडला गेला. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

मार बसलेल्या क्वार्टरबॅकचं काय होतं हे आकड्यांपेक्षा फिल्मवर नीट दिसतं. निरोगी क्वार्टरबॅकची नजर स्नॅपनंतर (बॉल त्याच्या हातात आल्यावर) लांबवर, बचावाच्या मागच्या फळीवर असते आणि जवळच्या गर्दीचा त्याला नुसता अंदाज असतो. सतत आपटला गेलेला मुलगा हळूहळू नजर खाली आणतो, अंगावर येणाऱ्यांकडे बघायला लागतो. पाय घाई करतात. पहिला रिसिव्हर मोकळा नाही दिसला की दुसऱ्याकडे बघण्याआधीच तो पॉकेट, म्हणजे लाइनने त्याच्याभोवती राखलेली जागा, सोडून पळतो. पॉकेट चांगलं धरलेलं असतानाही पळतो, आणि तेव्हा समजायचं की सवय आतपर्यंत गेली. यातून बाहेर आलेले आहेत, पण त्यांना वेळ लागतो आणि बहुधा दुसरा संघ लागतो.

या सगळ्यासाठी 2018 च्या ड्राफ्टइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले: मेफिल्ड पहिला, डार्नोल्ड तिसरा, जॉश अ‍ॅलन सातवा, जॉश रोझन दहावा आणि लमार जॅक्सन बत्तिसावा. फिल्म बघून क्रम लावायला सांगितला असता तर अ‍ॅलन आणि जॅक्सनबद्दल सगळ्यात जास्त शंका होत्या. अ‍ॅलनचे वायोमिंगमधले जेमतेम 56 टक्के पास पूर्ण झाले होते, आणि अचूकता नंतर शिकवता येत नाही असं आमच्या धंद्यात जवळपास वेदवाक्य होतं. जॅक्सनला तर काही जणांनी रिसिव्हर व्हायचा सल्ला दिला होता.

मेफिल्ड गेला क्लीव्हलँडला, जो संघ आदल्या वर्षी 16 पैकी 16 सामने हरला होता. पहिल्या तीन मोसमांत त्याने चार मुख्य कोच पाहिले. डार्नोल्डला घेणाऱ्या न्यूयॉर्क जेट्सनी एका वर्षात कोच बदलला. रोझनला घेणाऱ्या अ‍ॅरिझोनाने पहिल्याच मोसमात अर्ध्यावर ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाची आखणी करणारा कोच) काढला, मोसम संपल्यावर मुख्य कोच काढला आणि पुढच्या वर्षी पहिल्या क्रमांकावर कायलर मरेला घेऊन रोझनलाच मायामीला धाडलं. त्या पोराने एका वर्षात काय केलं असतं, मला तरी सांगता येणार नाही.

उलट बफलो आणि बाल्टिमोर हे आदल्या वर्षी प्रत्येकी नऊ सामने जिंकलेले, बरे चाललेले संघ होते. ते आपल्या जागेवरून पुढे सरकून निवडायला आले. अ‍ॅलनला पहिली चार वर्षं एकच मुख्य कोच शॉन मॅकडर्मट आणि एकच कोऑर्डिनेटर ब्रायन डेबॉल मिळाला. 2020 मध्ये संघाने त्याला स्टेफन डिग्जसारखा रिसिव्हर आणून दिला आणि त्या मोसमात त्याचे 69 टक्के पास पूर्ण झाले. बाल्टिमोरने 2019 साठी अख्खी आक्रमणाची रचनाच जॅक्सनच्या पायांभोवती नव्याने बांधली. त्याच वर्षी तो एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, झाला, 2023 मध्ये पुन्हा झाला, आणि 2024 चा मान अ‍ॅलनला गेला.

यावर एक आक्षेप निघतो आणि तो रास्त आहे: क्वार्टरबॅक चांगला होता म्हणून कोचची नोकरी टिकली, कोच टिकला म्हणून क्वार्टरबॅक चांगला झाला असं नाही. कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे एका ड्राफ्टवरून सुटं करता येत नाही. पण मग मेफिल्ड आणि डार्नोल्डचं पुढे काय झालं तेही बघावं लागतं. मेफिल्ड तीन संघांतून फिरत 2023 मध्ये टॅम्पाला पोचला आणि तिथे प्लेऑफचा सामना जिंकला. डार्नोल्डला 2024 मध्ये मिनेसोटात चांगले रिसिव्हर आणि क्वार्टरबॅक घडवणारा कोच मिळाला, संघाने 14 सामने जिंकले. हात तेच, डोकं तेच. नुसत्या वाईट खेळाडूंच्या बाबतीत हे घडत नाही. गॉफचंही तसंच: 2016 मध्ये तो सुरुवातीपासून खेळला ते सातही सामने रॅम्स हरले, पुढच्या वर्षी शॉन मॅकव्हे कोच म्हणून आला आणि आणखी एका वर्षाने गॉफ सुपर बोलमध्ये होता.

कुणी म्हणेल, मग पहिलं वर्ष बाकावर बसवावं. महोम्स 2017 मध्ये अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसला, रॉजर्स तीन वर्षं फार्व्हच्या मागे बसला, कार्सन पामरही पहिलं वर्ष बसला. बसवून कुणाचं नुकसान झालेलं मी तरी पाहिलं नाही. पण बसवणं हीच गुरुकिल्ली असती तर पेटन मॅनिंग घडलाच नसता. तो पहिल्या वर्षी सगळे सामने खेळला, 28 इंटरसेप्शन दिली (म्हणजे तेवढे पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले), संघ 13 सामने हरला. ट्रॉय एकमन 1989 मध्ये सुरुवातीपासून खेळला त्या 11 सामन्यांपैकी एकही डॅलस जिंकलं नाही. फरक इतकाच की महोम्स आणि रॉजर्स बसून होते ते चांगल्या संघात, आणि मॅनिंग-एकमन हरत होते ते नीट बांधल्या जात असलेल्या संघात. बसण्या-खेळण्यापेक्षा ते 'कुठे' याला मी जास्त वजन देतो.

इथवरची गोळाबेरीज सांगायची तर: पहिल्या क्रमांकाचा मुलगा बहुधा खराच गुणी असतो, पण त्याचं पीक बऱ्याचदा दुसराच संघ कापतो.

आता किंमत. 2010 मध्ये सेंट लुईसने सॅम ब्रॅडफर्डला घेतलं तेव्हा त्याला 5 कोटी डॉलर हमीचे होते, मग तो खेळो न खेळो. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2011 च्या नव्या करारात नवोदितांच्या मानधनाला चाप बसला आणि त्याच वर्षी कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून सुमारे 2 कोटी 20 लाख मिळाले. हा बदल लोक विसरतात. रसेल फसला तेव्हा संघाची तिजोरीही अडकली होती. आज मधल्या दर्जाचा क्वार्टरबॅक निघाला तरी पहिली चार वर्षं तो स्वस्तात पडतो, आणि वाचलेल्या पैशात लाइन आणि बचाव उभा करता येतो. म्हणून ज्या संघाला पहिली पिक आपसूक मिळाली आहे आणि ज्याच्याकडे क्वार्टरबॅक नाही, त्याने क्वार्टरबॅक घ्यावा. याला जुगार म्हणणं मला पटत नाही.

जुगार सुरू होतो तो वर सरकण्यासाठी दुसऱ्या संघाशी पिकांचा सौदा करताना. केड मॅसी आणि नोबेलविजेते रिचर्ड थेलर या दोघांनी ड्राफ्टचा अभ्यास करून दाखवलं की संघ वरच्या पिकला तिच्या खऱ्या मोलापेक्षा जास्त भाव देतात, कारण आपल्याला कोण चांगलं ते ओळखता येतं यावर त्यांचा नको इतका विश्वास असतो. माझ्या टेबलावरून दिसणारं चित्रही तेच आहे. वरच्या दोन-तीन मुलांत पहिला कोण हे सांगताना कुणीही प्रामाणिक स्काउट छातीठोक बोलणार नाही. आम्ही बघतो ती फिल्म कॉलेजची. तिथल्या मैदानावर हॅश मार्क्स (चाल ज्या पट्ट्यातून सुरू होते त्याच्या दोन बाजूंच्या खुणा) एकमेकांपासून 40 फूट लांब, एनएफएलमध्ये साडेअठरा फूट, त्यामुळे मोकळ्या जागाच वेगळ्या. बरोच्या 2019 च्या एलएसयू संघात रिसिव्हर होते जस्टिन जेफरसन आणि जमार चेस. मोकळा रिसिव्हर त्याने शोधला की रिसिव्हरच मोकळा झाला, हे अर्ध्याअधिक खेळींत सांगता येत नाही. म्हणून मी हायलाइट बाजूला ठेवतो आणि दडपणाखालच्या खेळी वेगळ्या काढून बघतो. दडपण आलं की तो किती वेळा सॅक होतो, ही सवय कॉलेजातून पुढे बरीचशी तशीच जाते. त्यानंतर मी अनुभव मोजतो. कॉलेजात सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांची संख्या ट्रुबिस्कीची 13, लान्सची 17. बो निक्सची 61. निक्सने पहिल्याच वर्षी डेन्व्हरला प्लेऑफमध्ये नेलं. पण न्यूटन ऑबर्नमध्ये एकच मोसम खेळून पहिला गेला आणि 2015 मध्ये एमव्हीपी झाला, तेव्हा हाही नियम नव्हे, नुसता कल आहे.

इतकी अनिश्चितता असताना पँथर्सनी पहिल्या पिकसाठी शिकागोला काय दिलं ते बघा: 2023 ची 9 वी आणि 61 वी पिक, 2024 ची पहिल्या फेरीची, 2025 ची दुसऱ्या फेरीची, आणि डी. जे. मूर. मूर हा त्यांचा सगळ्यात चांगला रिसिव्हर. म्हणजे क्वार्टरबॅक आणायला ज्या माणसाकडे त्याने बॉल फेकायचा तोच दिला. वर 2024 ची ती पिक पँथर्स तळाला गेल्यामुळे नेमकी पहिल्या क्रमांकाची निघाली आणि शिकागोने तिच्यावर केलेब विल्यम्सला घेतलं. यंग पहिल्या मोसमात 62 वेळा सॅक झाला. अकरा सामन्यांनंतर मुख्य कोच फ्रँक राइकला काढलं. पुढच्या वर्षी नव्या कोचने यंगला दोन सामन्यांनंतर बाकावर बसवलं आणि काही आठवड्यांनी परत खेळवल्यावर तो बराच सुधारलेला दिसला.

याच्या शेजारी एकमनचं डॅलस ठेवा. एकमन हरत असतानाच, ऑक्टोबर 1989 मध्ये, त्यांनी आपला सगळ्यात मोठा तारा हर्शेल वॉकर मिनेसोटाला विकून पिकांचा ढीग मिळवला. त्यातल्या पिका वापरून वर सरकत त्यांनी पुढच्या वर्षी एमिट स्मिथला घेतलं. तीन सुपर बोल त्यातून आले. दोन्ही संघांनी घर विकलं. डॅलसने क्वार्टरबॅक हातात आल्यावर त्याच्याभोवती माणसं जमवायला विकलं, कॅरोलायनाने क्वार्टरबॅक आणायला त्याच्याभोवतीची माणसं विकली. यंगच्या पहिल्या वर्षाचा दोष कुणाला द्यायचा असं मला विचाराल तर मी आधी या सौद्याचं नाव घेईन. त्याची उंची कमी आहे आणि गर्दीवरून बघताना त्याला अडचण येते, हे मी नाकारत नाही. पण ते ड्राफ्टच्या आधीही सगळ्यांना दिसत होतं.

सॅन फ्रान्सिस्कोने 2021 मध्ये ट्रे लान्ससाठी पहिल्या फेरीच्या तीन पिका खर्च केल्या आणि त्या पाण्यात गेल्या. तरी तो संघ वर्षभरात सावरला, कारण लाइन, रिसिव्हर, बचाव आणि कोच सगळं जागेवर होतं आणि 262 व्या क्रमांकाचा पर्डी त्यात बसला. तीच चूक तळातल्या संघाने केली की चार-पाच वर्षं जातात.

तेव्हा ऑफिसात पुन्हा विषय निघाला तर यंगच्या टचडाउनच्या आकड्यांवर वाद घालू नका. तिसऱ्या डाउनला (तिसऱ्या प्रयत्नात) आठ-दहा यार्ड हवे असतील तेव्हा टीव्हीवर बॉलकडे न बघता त्याच्या पायांकडे आणि हेल्मेटच्या दिशेकडे बघा. पहिला रिसिव्हर झाकलेला असताना तो जागेवर राहून मान दुसरीकडे वळवतो का, की लगेच पळतो? मोसमाच्या सुरुवातीला आणि शेवटाला ही एकच गोष्ट ताडून बघा. आणि दर जानेवारीत संघ कोऑर्डिनेटर बदलतो का, याची बातमी ड्राफ्टच्या बातम्यांच्या आधी वाचा.